शून्य तास

२९ ऑक्टोबर
पुलावरून खाड्, खाड् — लाकडी तळांच्या बुटांचा आवाज. लहानपणी दुलईत पडल्या पडल्या ऐकायचो. बाबा आणि सगळी गल्ली कापडगिरणीत निघालेली. आज सकाळभर तोच आवाज कानात.

गिरणी मात्र गप्प. मागणी नाही, म्हणून आम्ही सगळे शून्य तासांवर. नोकरी आहे, काम नाही! बुडालेल्या पगाराचे साठ टक्के सरकार भरतं. घरात मूल असलं तर सदुसष्ट. मला साठच. कामगारांची प्रतिनिधी लीओबा हिने बजावलंय, शून्य म्हणजे शून्य. एकानेही चोरून माग चालवला तर मदत थांबेल — सगळ्यांचीच.

१ नोव्हेंबर
सर्व संतांचा दिवस, थडग्यांवर दिवे लावायचा. एमेरिखच्या थडग्यावर लाल दिवा लावला. शाळेत आम्ही एका बाकावर, पुढे गिरणीत शेजारशेजारच्या मागांवर. लाकडी बूट शेवटपर्यंत घालणारा तो एकटाच. गुरुजींनी पाठ करून घेतलेली धुक्याची कविता म्हणून दाखवली. शेवटचं कडवं आठवेना. ते नेहमी तोच सांगायचा.

निघताना थट्टेने म्हटलं, "तू मेला नाहीस रे, तूही शून्य तासांवर. काम आलं की बोलावतील."

मग उगीचच मागे वळून पाहिलं.

४ नोव्हेंबर
पहाटे गिरणीत माग चालला. एकच. धुक्यातून खटक, खटक.

५ नोव्हेंबर
पुन्हा! एक किल्ली माझ्याकडे असते, बघायला गेलो. कुलूप जसंच्या तसं. आत कुणी नाही. एमेरिखच्या मागावर हात ठेवला.

कोमट. आणि वर चार बोटं नवं कापड.

७ नोव्हेंबर
लीओबा आली. आवाज गल्लीनेही ऐकलाय, उद्या मदत देणाऱ्या सरकारी कचेरीतही कळेल. खारा ब्रेट्झेल पाव पुढे केला, तिने हात लावला नाही.

"गेबहार्डकाका, तुम्हीच ना? मला दोन पोरं आहेत हो."

नाही म्हणालो. तिने किल्ली मागितली. दिली. करमत नसेल तर कविता म्हणत बसा, म्हणाली, पण तिकडे फिरकू नका.

८ नोव्हेंबर
माग बंद. पोरांचं अन्न वाचलं. मला मात्र घर फार मोठं वाटतंय.

९ नोव्हेंबर
सकाळ. धुकं काचेला टेकलेलं. पुलावर खाड्, खाड् — एकाच माणसाचे पाय. जिना चढले. दार उघडलं.

एमेरिख. केसांत कापूस, काखेत डबा.

लिहून घे सावकाश, म्हणतो. उंबऱ्यातच उभा आहे. शेवटचं कडवं त्याने आत्ताच म्हटलं, एकही शब्द न चुकता.

"बूट घाल, गेबहार्ड. आपल्या दोघांना पूर्ण तास लागलेत."