तीन नंबरची सळई

शनिवार, १४ ऑक्टोबर १९९५

भूगोलाची क्षेत्रभेट म्हणे — आणि कुठे, तर खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या आमच्याच गावच्या खारबांधावर! पेणच्या मुली चिखलाला नाकं मुरडत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांधात पाच सळया ठोकायच्या, तिथून खाडीचा काठ किती खचला ते टेपने मोजायचं. तीन नंबरची माझ्याकडे, तिवराच्या दोन झाडांच्या मधे. बांधाचे राखणदार काळुरामकाका मागेमागे — "ठोका, पन जाताना भोक बुजवा गो. पानी वाट शोधतंय." सरही तेच म्हणाले. माझी सळई निघेचना! हलवून हलवून भोक केवढं झालं. सगळ्या एसटीकडे पळाल्या. मी इथलीच, म्हटलं उद्या येऊन काढू.

सोमवार, १६ ऑक्टोबर

सळई राहिलीच. उद्या.

शनिवार, २१ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी! चकल्या मोडल्या, आई ओरडली. सळई!! उद्या नक्की.

गुरुवार, २६ ऑक्टोबर

बांध फुटला. दुपारच्या उधाणाला. कापून ठेवलेलं भात तरंगत अंगणापर्यंत आलं. आई गुडघाभर खाऱ्या पाण्यात पेंढ्या वेचत होती, रडत नव्हती, नुसती वेचत होती. आता दोन-तीन वर्षं या जमिनीत भात नाही.

बांधाला खांड कुठे पडली ते बघून आले. दोन तिवरांच्या मधे. माझ्या सळईचीच जागा.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

घरटी एक माणूस बांधावर. आईबरोबर मीही चिखलाची ढेकळं वाहिली. टाकलेली माती पुढची भरती घेऊन जाते. काय उपयोग? जेवण जात नाही. आईला वाटतं दमले.

रविवार, २९ ऑक्टोबर

देवळात बैठक. सगळ्यांनी काळुरामकाकांना धारेवर धरलं — खेकड्यांची बिळं बुजवली नाहीस, झोपा काढल्यास! मला वाटलं ते भांडतील. ते खाली बघत म्हणाले, "व्हय. माजीच चूक हाय. एक बीळ राह्यलं." झालं, राखण काढून घेतली. त्यांचंही शेत बुडालंय, ते कोणी बोललं नाही. मी खांबाआड सरकले. भित्री! भित्री मेली!

बुधवार, १ नोव्हेंबर

काकांच्या बायकोशी, कृष्णाबाईशी, विहिरीवर कोणी बोलत नाही. मीही मान फिरवली.

सोमवार, १३ नोव्हेंबर

शाळा. सरांनी सळया मोजल्या. "तीन नंबर कुठाय?" दिली होती सर, म्हटलं. मग म्हणाले, तुमचाच बांध फुटला ना, कारणांसह लिही. लिहिलं — खेकड्यांची बिळं. सरांनी वर्गात वाचून दाखवलं. स्वतःची किळस येते.

शनिवार, १८ नोव्हेंबर

बस्स. उद्या काकांना सांगणार. मग गावाने काय करायचं ते करू दे.

रविवार, १९ नोव्हेंबर

काकांच्या घराला कुलूप. पहिल्या एसटीने दोघं रोह्याला गेली, कंपनीत काम मिळालंय म्हणे. घरी आले तर आईने पेपरात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. "काळुराम देऊन गेला. बांध फुटला त्याच दिशी खांडीत गावली म्हनं. शालेची वस्तू हाय, पोरीला दे बोलला."

चिखल धुऊन, पुसून स्वच्छ केलेली. लाल रंगात ३.

त्याच दिवशी. बैठकीच्या तीन दिवस आधी.