डबी देऊन टाकली

प्रिय चिंगे,

पत्र बघून घाबरू नकोस. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. तुझ्या आईचा खुबा जेवढा दुखायचा तेवढाच दुखतोय आणि माझी जीभ पूर्वीइतकीच चालतेय. फोन सोडून बाबांना ही पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. पण फोनवर मी तुझ्याशी हवापाण्याचं बोलतो आणि दोन मिनिटांत फोन आईकडे देतो, हे तुला माहीत आहे. सकाळपासून जेवणाच्या टेबलावर बसलोय. दोन कागद फाडून झाले, हा तिसरा. तुझी आई पलीकडच्या खोलीत व्यायाम करतेय आणि मधून मधून दारातून डोकावून मी लिहितोय की नाही ते बघून जातेय.

पहिली बातमी म्हणजे आपली डबी गेली. एवढ्या वर्षांची जुनी गाडी, एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली. तिच्या बदल्यात जे काही आणलंय त्याचा फोटो नातीने तुला दाखवला असेलच आणि तू कपाळावर हात मारून घेतला असशील. लालभडक, बसकी, ढुंगणावर पंख लावल्यासारखी पट्टी, आणि सायलेन्सरचा आवाज असा की शेजारचे दाताचे डॉक्टर पेशंट सोडून खिडकीत आले. सत्तरीच्या माणसाने घ्यावी अशी ही गाडी नाही, हे मला पटतं. तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाठमोरं व्हायचं, मग बूड टेकवायचं, मग एकेक पाय आत ओढायचा. तुझी आई दार धरून कितीतरी वेळ नुसती उभी होती. गाडीत बसायचंय की गाडी अंगात घालायचीय, एवढंच म्हणाली. शोरूममधल्या पोरीने मला चार उंच, ऐसपैस गाड्या दाखवल्या, काकूंना चढायला-उतरायला किती सोयीचं आहे ते पुन्हा पुन्हा सांगितलं. पण मी हट्टाला पेटलो होतो. आईच्या खुब्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला सारला.

सगळ्यांना मी एकच कारण सांगतोय. पस्तीस वर्षं ड्रायव्हिंगची शाळा चालवली, गाडीच्या डोक्यावर शिकाऊची पाटी घेऊन गोगलगायीसारखा फिरलो, मागच्यांचे हॉर्न आणि शिव्या खाल्ल्या, आता एकदा तरी सुसाट जायचंय. त्यात खोटं काही नाही. पण ते खरं कारण नाही.

दुसरी बातमी तुला माहीतच आहे, कारण ती तुझ्याच घरातली आहे. मागच्या आठवड्यात नातीचा फोन आला. आजोबा, मला अठरा पूर्ण झाली, सुट्टीत तुमच्याकडे येते, मला गाडी शिकवा. अगं, मी एवढा खूश झालो की आईला हाका मारत घरभर फिरलो. तासाभरात तुझा मेसेज आला. तिला शिकवू नका. आपल्या घरातल्या बायकांचा पाय नको तेव्हा नको तिथे पडतो, एक अपघात पुरे झाला. तो मेसेज मी आईला दाखवला नाही. पण ती नातीशी बोलते, तिला कळायचं ते कळलंच. नात रडली म्हणे. तुझ्याशी दोन दिवस बोलली नाही, हेही कळलं.

डबी म्हटलं की तुला काय आठवतं ठाऊक नाही. मला तिच्यात बसून शिकलेला एकेक माणूस आठवतो. ती बँकेतली बाई, जी वळताना डोळे मिटायची. तो न्हावी, ज्याचा हात कात्रीवर लोण्यासारखा चालायचा आणि गिअरवर मात्र कुऱ्हाडीसारखा. तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांनी मला सर म्हटलं आणि मी आयुष्यभर त्या तोऱ्यात वावरलो. मी कसा शिकवायचो ते तुला माहीत आहे. माझ्या सीटपुढे माझी दोन पेडलं, एक क्लच, एक ब्रेक, ती सळीने शिकणाऱ्याच्या पेडलांना जोडलेली. मी माझा ब्रेक दाबला की त्याच्या पायाखालचाही आपोआप खाली जायचा. डबीच्या आधीच्या गाडीत तू सात-आठ वर्षांची असताना वाकून बघायचीस आणि विचारायचीस, बाबा, तिकडचा ब्रेक भूत दाबतंय का?

दुसरे शिक्षक ब्रेक दाबायचे आणि वर ओरडायचे. मी तसं कधी केलं नाही. मी समोर बघत, गप्पा मारता मारता हळूच दाबायचो, आणि गाडी थांबली की म्हणायचो, शाब्बास, वेळेवर थांबलात. शिकणाऱ्याला खरंच वाटायचं की आपणच थांबवली. घाबरट माणसं त्यानेच सुधारायची. माझ्याकडून शिकलेले निम्मे लोक आजही अशा ब्रेकची फुशारकी मारत असतील जो त्यांनी मारलाच नव्हता. याचा मला फार अभिमान होता. तुझ्या आईला तेव्हाही ते पटायचं नाही. ती म्हणायची, ज्याचं त्याला कळू द्यावं.

त्या रविवारबद्दल आपण वीस वर्षांत एकदाही धड बोललो नाही. आज बोलायला हवं. मंगळवारी तुझी लायसन्सची परीक्षा होती. शेवटचा सराव म्हणून आपण मावशीकडे निघालो, तू डबी चालवत होतीस, मी शेजारी, आई मागे मांडीवर केकचा डबा घेऊन. बेकरीच्या पुढच्या गल्लीतून एक सायकलवाला खांद्यावर शिडी घेऊन बाहेर आला. गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून पावाची व्हॅन येऊन आदळली. तुला मला काही झालं नाही. आई मात्र दार आणि पुढची सीट यांच्यामध्ये अशी अडकली की तिला बाहेर काढायला चौघं लागले. तू स्टिअरिंग सोडलंच नाहीस. माझा पाय पडला बाबा, माझा पाय पडला, एवढंच म्हणत राहिलीस. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तेच डॉक्टरांना सांगितलंस, तेच पोलिसाला, तेच मावशीला. व्हॅनवाल्यासमोर हात जोडलेस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, होतं असं शिकताना.

मंगळवारी तू परीक्षेला गेली नाहीस. त्यानंतर कधीच गेली नाहीस. पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होतीस, गोठ्यागोठ्यात जाऊन गुरं तपासायची, हे शाळेत असल्यापासून तुझ्या डोक्यात होतं. त्या कामाला गाडी लागते. तू प्रयोगशाळेत गेलीस, काचपट्टीवरचं रक्त बघायला. लोकांनी विचारलं की म्हणायचीस, मला आवडतं, शांत काम आहे. मीही मान डोलवायचो. दोन बस बदलून कामाला जातेस, एकोणीस वर्षं झाली. इथे आलीस की जिन्यात आईच्या मागे दोन पायऱ्या सोडून हात पसरून चालतेस, ती पडलीच तर धरायला. डबीत बसायची वेळ आली तर मुकाट्याने मागे जाऊन बसायचीस, आई बसली होती त्याच जागी. ते मी समोरच्या आरशात बघायचो. आरशात बघायची सवय मीच सगळ्यांना लावली.

शाळा बंद करून चार वर्षं झाली तरी मी डबीतली ती पेडलं काढली नाहीत. आई शेजारी बसायची तेव्हा तिच्या पायांना ती लागायची. काढून टाका म्हणाली की मी म्हणायचो, उद्या नेतो. खरं म्हणजे ती रोज बघवत नव्हती आणि काढवतही नव्हती. तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलो आणि सरळ गाडीच बदलायला गेलो. कागदावर एक सही केली की सगळं दुसऱ्याच्या ताब्यात जाणार, एवढंच डोक्यात होतं. समोर जी गाडी डबीपेक्षा सगळ्यात वेगळी दिसली तीच मागितली.

पण तिथेही सुटका झाली नाही. गाडीची तपासणी करणारा म्हणाला, ही जादा पेडलं काढून द्यावी लागतील. मेकॅनिक आडवा होऊन आत शिरला, अर्धा तास खुडबुडत होता, मग दोन्ही पेडलं फडक्यावर आणून माझ्यासमोर ठेवली. क्लचचं रबर जवळजवळ कोरं होतं. ब्रेकचं झिजून गुळगुळीत झालेलं, एका कोपऱ्यातून तर लोखंड दिसत होतं. तो हसला. काका, तुम्ही शिकवत होता की स्वतःच चालवत होता? थट्टेतच म्हणाला बिचारा. आईही हसली. मी टाकून द्या म्हणालो तर तिने ते ब्रेकचं पेडल मागून घेतलं आणि पर्समध्ये टाकलं.

घरी येताना मी नव्या गाडीची काय काय करामत आहे ते बडबडत होतो. ती माझ्या शेजारी पाय लांब करून बसली होती, वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या जागी तिच्या पायांना काही अडत नव्हतं. सिग्नलला थांबल्यावर ती अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, मागच्या सीटवरून चालवणाऱ्याच्या शेजारच्या माणसाचा गुडघा स्पष्ट दिसतो. आधी मला कळलंच नाही. मग कळलं, आणि सिग्नल हिरवा झाला तरी माझ्याने गाडी पुढे नेववेना. मागचे हॉर्न मारायला लागले. ती म्हणाली, मी त्या दिवसापासून वाट बघतेय. आधी वाटलं तुम्ही हॉस्पिटलमध्येच सांगाल. मग वाटलं तिच्या लग्नाआधी सांगाल. मग नात झाली तेव्हा वाटलं. मी बोलले असते तर ते माझं सांगणं झालं असतं, तुमचं नाही. एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत बसली. तिच्या मोडक्या खुब्यापेक्षा माझं गप्प बसणं तिने जास्त सोसलं, हे मला सत्तराव्या वर्षी त्या लाल गाडीत समजलं. घरी आल्यावर ती पाठमोरी होऊन उतरली, माझा हात घेतला नाही. चहा झाल्यावर माझ्यापुढे कागद आणून ठेवला.

तेव्हा चिंगे, आता लिहितो. तुझा पाय पडला नव्हता. ब्रेक मी दाबला. तो शिडीवाला मला दिसला आणि माझा पाय गेला, पूर्ण ताकदीने, आरशात न बघता. जी गोष्ट मी शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगायचो तीच मी केली नाही. तुझा पाय सावध म्हणून ब्रेकवर नुसता टेकलेला होता, तो पेडलबरोबर खाली गेला आणि तुला वाटलं तूच दाबला. तू बोललीस आणि मी गप्प बसलो. पोलिसाला कळलं तर शाळा बंद पडेल, असं पहिल्या दिवशी स्वतःला सांगितलं. नंतर सांगायला तेवढंही कारण उरलं नाही, नुसती लाज उरली, आणि ती दरवर्षी वाढत गेली. तुझी राहून गेलेली गुरं, राहून गेलेले गोठे, तुझ्या दोन बस, हे सगळं माझ्यामुळे आहे आणि मी ते बघत बसलो. माफ कर असं लिहायला हात धजत नाही. रागाव, फोनवर माझ्याशी बोलू नकोस, हवं तर आईशीच बोल. पण त्या पोरीला अडवू नकोस. माझ्याकडे पाठवायची नसेल तर दुसऱ्या कुणाकडे पाठव, आणि जमलं तर तिच्याबरोबर तूही जा. आणखी एक गोष्ट आहे, जी मी सोडून जगात कुणालाच माहीत नाही, कारण त्या क्षणी तुझे हात फक्त मी बघत होतो. तू आरशात बघितलं होतंस, वेग कमी केला होतास आणि स्टिअरिंग वळवायला सुरुवात केली होतीस, अगदी बरोबर, जेवढं हवं तेवढंच. मी मध्ये पाय घातला नसता तर तू त्या सायकलवाल्याला जागा देऊन पुढे गेली असतीस, आणि आपण तिघं वेळेवर मावशीकडे पोचलो असतो.

तुझाच,
बाबा