चामड्याची दोरी

आई, दोरी माझ्याकडे नव्हती. तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हाही नव्हती आणि दिवाळीत पुन्हा विचारलंस तेव्हाही नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळीसहून जास्त वर्षं लागली, आणि आता लिहितोय तेही तू वाचणार नाहीस याची खात्री आहे म्हणून. तशी तू तेव्हाही वाचली नसतीस. तुला अक्षर येत नव्हतं. माझी पोस्टकार्डं नाना तुला वाचून दाखवायचे, आणि त्यातल्या एका कार्डात मी लिहिलं होतं की दोरी जपून ठेवली आहे, काळजी करू नये. म्हणजे थाप मी मारली आणि ती नानांच्या तोंडून तुझ्यापर्यंत पोचवली.

हे सगळं वर आलं ते गेल्या रविवारमुळे. मी आता श्रीरामपुरातच असतो. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये उभा जन्म लोखंड कातलं, निवृत्त झालो आणि दोन वर्षं नुसता पेपर वाचत, घरातल्यांच्या चुका काढत बसलो. शेवटी सून म्हणाली, बाबा, काहीतरी हौस लावून घ्या, आमच्यावर उपकार होतील. मग लाकूड कातायचा एक छोटा लेथ ऑनलाइन मागवला आणि घरामागे पत्र्याची शेड टाकली. वेग कमीजास्त करायला त्याला गॅसच्या शेगडीसारखं बटण आहे. वाडगे, पेनं, भोवरे, लाटणी, जे मनात येईल ते कातत असतो. बघून बघून दोन-तीन जण रविवारी शिकायला यायला लागले, सगळे माझ्यासारखेच रिकामटेकडे. त्यांत एक निवृत्त नर्सबाई आहेत, हाताने हुशार आणि तोंडाने त्याहून. मी त्यांना सांगतो, पटाशीची धार आधी लावू नका, आधी तिची पाठ लाकडावर टेकवा, लाकूड नुसतं घासू द्या, मग मागचा हात हळूच उचला, धार आपोआप लागेल. सगळे माना डोलावतात आणि बरोब्बर उलटं करतात. मग पटाशी गचकन अडकते, वाडगा उडून पत्र्यावर आदळतो आणि मी चिडतो. गेल्या रविवारी चिडून झाल्यावर चहा पिताना मी नेहमीची टेप लावली, की आमचे वडील कातारी होते, जमिनीवर बसून काम करायचे, तेव्हा असली मोटरबिटर नव्हती. बाईंनी विचारलं, "मग लाकूड फिरवायचं कोण?" मी म्हणालो, आई. दोरी ओढायची. त्या म्हणाल्या, "मग त्या पण कातारीच की हो." मी चष्मा पुसत बसलो.

इतकी वर्षं सगळ्यांना नानांचं सांगत आलो. तुझं कधी सांगितलं नाही.

प्रवरेकाठच्या अकोले गावातल्या आपल्या घराचा ओटा डोळ्यांपुढे आहे. जमिनीलगत तो लाकडी सांगाडा, त्याच्या दोन खुंटांना लोखंडी टोकं, आणि त्या टोकांमध्ये अडकवलेला कुड्याच्या लाकडाचा पांढराशुभ्र तुकडा. एका बाजूला नाना बसलेत, पायाच्या अंगठ्याने आडवी दांडी दाबून धरलीय, दोन्ही हातांत पटाशी. समोर तू. लाकडाला दोन वेढे दिलेल्या चामड्याच्या दोरीचं एक टोक तुझ्या उजव्या हातात, एक डाव्या. उजवा हात ओढलास की लाकूड नानांकडे फिरतं आणि कापलं जातं. डावा ओढलास की उलटं फिरतं आणि नाना पटाशी केसभर मागे घेतात. निम्मी ओढ कामाची, निम्मी फुकट. सकाळची भाकरी झाल्यापासून दुपार कलेपर्यंत हेच चाललेलं. तुमचं सगळं बोलणंही तिथेच व्हायचं. कुणाच्या लग्नाला काय न्यायचं, गाय कधी विणार, माझ्या फीचं काय करायचं, सगळं दोरीच्या तालावर. बाकी घरात तुम्ही दोघं एकमेकांशी फारसं बोलल्याचं मला आठवत नाही. आणि मध्येच तू म्हणायचीस, "थांबा, गाठ हाय," आणि दोरी सैल सोडायचीस. नानांच्या डोळ्यांना गाठ दिसायच्या आधी ती तुझ्या हातांना कळलेली असायची.

मी आयटीआयला टर्नरचा कोर्स करत होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीत माझा एक मित्र घरी आला. तू ओट्यावर बसलेली, पदर खोचलेला, अंगावर भुसा, कपाळावरचं कुंकू घामाने पसरलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याला म्हणालो, नाना कातकाम करतात, आई आपली नुसती दोरी ओढते. तू ऐकलंस. दोरी खाली ठेवलीस, उठलीस, आणि मित्रादेखत मला म्हणालीस, "ये. वढ नुसती." मी बसलो. पाव तास ओढली असेल. लाटण्यावर अशा लाटा उठल्या की नानांनी ते काढलं आणि चुलीत सारलं. तू त्या मित्राला चहा दिलास, गूळ जास्त घालून. मला विचारलंही नाहीस.

म्हणून ती मोटर. नोकरी लागल्यावर वर्षभरात मी जुन्या भंगारातून एक लेथ उभा केला, त्याला वापरलेली मोटर बसवली आणि टेम्पोत घालून श्रीरामपुराहून संगमनेरमार्गे अकोल्याला आणली. गल्लीतली माणसं बघायला जमली होती. सगळ्यांना मी सांगत होतो, आईचे कष्ट वाचावेत म्हणून आणलीय. सगळे म्हणाले, पोरगा असावा तर असा. मीही फुगलो. ते निम्मंच खरं होतं, आई. तू ओट्यावर दोरी ओढताना कुणाला दिसू नयेस, हे उरलेलं निम्मं. तू मोटरीला हळदकुंकू वाहिलंस, नारळ फोडला. नानांनी बटण दाबलं, लाकूड गरगर फिरायला लागलं, कुणी ओढत नसताना. तू ओट्याच्या कडेला उभी होतीस. म्हणालीस, "आता मी कुठं बसू रं?"

मी हसलो. आराम कर म्हणालो. मला वाटलं तू गंमत करतेस.

दुसऱ्या दिवशी परत निघताना वळकटी बांधायला काही सापडेना. खुंटीवर दोरी होती. आता हिचं काय काम, म्हणून मी ती काढली. तू दारातून बघत होतीस. एवढंच म्हणालीस की नीट ने, तेलावर वाढलेली आहे. खरंच होतं ते. तुझ्या तळव्यांनी आणि करडईच्या तेलाने ती इतकी मऊ झाली होती की मुठीत धरली तर चामडं वाटायचं नाही. श्रीरामपूरच्या खोलीवर मी ती कपडे वाळत घालायला बाहेर बांधली. पावसाळ्यात भिजली, उन्हात वाळून काठीसारखी कडक झाली. एका सकाळी तुटून खाली पडलेली दिसली, अर्धी कुत्र्याने चघळलेली. मी ती चिमटीत धरून उकिरड्यावर टाकली आणि ड्युटीवर गेलो. वाईटही वाटलं नाही.

त्याच सुमाराला तिकडे नानांची पटाशी मोटरीवर अडकली आणि त्यांचा अंगठा फाटला. मी भेटायला आलो तर ते बँडेज बांधून ओट्यावर बसलेले. मी त्यांना वेगाचं, धारेचं चार शहाणपणाचं ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्या आईनं सैल सोडली असती." तू आत भाकरी थापत होतीस. थापण्याचा आवाज थांबला.

जेवताना तू विषय काढलास. मोठं काम मोटरीवर होऊ दे, पण करंड्यासारखं बारीक काम आम्ही दोघं जुन्या सांगाड्यावर करू, असं तुझं म्हणणं. माझं लग्न ठरत होतं. सुनेसाठी कुंकवाचा करंडा तुम्हाला घरीच कातायचा होता. त्याचं भांडं नानांनी मोटरीवर काढलं होतं, पण झाकणाला त्यांचा हात धजत नव्हता. झाकणाची कड केसभर जास्त गेली की ते ढिलं पडतं, मग फेकून द्यायचं. ते एकेका ओढीने कातायचं, थांबायचं, लावून बघायचं. तू म्हणालीस, "दोरी तेवढी आणून दे." आणि मी, तोंडात घास असताना, म्हणालो, आहे माझ्याकडे, पुढच्या खेपेला आणतो.

तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? तू दोन शिव्या घातल्या असत्यास. नानांनी नवी घेतली असती, दोन-तीन महिन्यांत तेल पिऊन ती तयार झाली असती. पण मी वेळ मारून नेली. दिवाळीला म्हणालो, गडबडीत राहिली. मग ते पोस्टकार्ड. नानांनी दोनदा नवी दोरी आणायचं काढलं, आणि दोन्ही वेळा तू त्यांना अडवलंस, पोरगं आणतंय ना, कशाला नवी. हे मला नानांनी नंतर सांगितलं. दिवाळीनंतर तू सांगाडा झाडून पुसून घेतला होतास, टोकांना तेल घातलं होतंस, झाकणासाठी कुड्याचा तुकडा निवडून फडक्यात बांधून ठेवला होतास. माघात तुला ताप भरला. चौथ्या दिवशी मला कारखान्यात निरोप आला. मी पोचलो तेव्हा तुला ओट्यावरच ठेवलं होतं, सांगाडा बाजूला सारून.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, खाली एकही येईना. मावशीने हात जोडून सांगितलं, पोराचं लग्न थाटात करू. मामाने सांगितलं, दाजींना एकटं पडू देणार नाही. कावळा हलेना. ऊन चढलं, माणसं घड्याळं बघायला लागली, कुणीतरी दर्भाचा कावळा करायचं काढलं. नाना माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तिला दोरीचं सांग."

मी पुढे झालो. हात जोडले. "आई, दोरी आणतो," म्हणालो. चार पावलं मागे आलो असेन नसेन, कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

लोक म्हणाले, बघा, जीव दोरीत अडकला होता बाईचा. नाना तेव्हा पहिल्यांदा रडले. मीही ओंजळीत तोंड खुपसलं, मावशी पाठीवरून हात फिरवत राहिली. रडत नव्हतो मी. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता विचारणारं कुणी नाही, असं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःचं तोंड बघू नये असं होतं. तू जिवंतपणी तीनदा माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि गेल्यावर चौथ्यांदा.

तेराव्याच्या आधी मी संगमनेरला जाऊन चामड्याची नवी दोरी घेतली, तेल चोळलं, मातीत लोळवली आणि नानांपुढे धरली. त्यांनी ती हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. "ठीक हाय," म्हणाले आणि खुंटीला अडकवली. पुढे आठ वर्षं ते जगले, लाटणी कातली, पाळण्याचे दांडे कातले, करंडा मात्र कधी कातला नाही. मला कधी काही विचारलंही नाही.

ते बिनझाकणाचं भांडं माझ्या शेडमध्ये आहे. झाकण मला सहज करता येईल. बटण फिरवून हवा तेवढा वेग कमी करता येतो, अगदी तुझ्या ओढीइतका. दोनदा लाकूड लावलं आणि दोनदा काढून ठेवलं. पटाशी अडकायला आली तर मला कोण सांगणार? हा कागद कुठे टाकायचा तेही कळत नाही, तेव्हा घडी करून त्या भांड्यातच ठेवीन.

एक राहिलं. रविवारी चहा संपवून निघताना बाई दारात थांबल्या आणि म्हणाल्या, आईंची ती दोरी आहे का हो अजून, बघायला आवडेल. मी म्हणालो, आहे की, कपाटात जपून ठेवलीय, पुढच्या रविवारी दाखवतो.

आज शनिवार. सकाळी बाजारातून चामड्याची पट्टी आणली. तेल चोळून उन्हात टाकलीय, जुनी दिसावी म्हणून.