पट्टी पांढरी दोन

१२ ऑक्टोबर १९९९, घाटनांदूर

हनुमाननं कम्प्युटर आणला! सेकंडहँड. बँडच्या खोलीत, पेटीशेजारी मांडलाय. म्हणतो, "आबा, धुना ह्याच्यात लिहायच्या, कागद काढून समद्यांना वाटायचे." — का? इतकी वर्षं माझ्या तोंडून ऐकून पोरं वाजवतात, त्यात काय बिघडलं?

गेल्या सीझनला त्याच्याकडून सोलो काढून बँडातल्या सिदूला दिला. हनुमानचा ट्रंपेट उतरलेला लागायचा, पाहुण्यांत लाज जायची. पोटचा असला म्हणून काय झालं? तेव्हापासून नीट बोलत नाही. आणि आता हे यंत्र. काहीतरी शिजतंय.

१४ ऑक्टोबर

माऊस सूनबाई चालवते, सायली. स्वर किती लांब ते आधी निवडायचं, मग पाच रेघांवर त्याच्या जागी टिचकी. पण सगळ्यात आधी पट्टी सांगायची. मी म्हटलं, पांढरी दोन. लगेच रेघांच्या सुरुवातीला काळ्या स्वरांच्या दोन खुणा उमटल्या. पुढं गंधार लिहिला, तोही काळीवरचा, तर त्याच्याजवळ खूणच नाही! मी धरलंच.

"मामा, सुरुवातीच्या खुणा समद्या धुनेला लागू असत्यात. परत परत कावून लिहायच्या?"

बोलते गोड. लक्ष ठेवायला हवं.

१७ ऑक्टोबर

तिनं पट्टी बदलली आणि अख्खी धून एका दमात खाली सरकली. ना रियाज, ना घाम! क्लॅरिनेटवर ती पट्टी बसवताना माझे ओठ फुटले होते. असल्या यंत्राचा भरवसा कसा धरायचा?

१८ ऑक्टोबर

दिवसभर लाइट नाही. बरं झालं.

२० ऑक्टोबर

पकडलं! यंत्र धून वाजवून दाखवतं ती उतरलेली. पेटीवर तोच सा दिला — फरक चक्क ऐकू येतो. सिदूला विचारलं. "दोन्ही एकच हाय की, मास्तर." म्हणजे त्यालाही फोडला!

हनुमान उठला. "माजा ट्रंपेट बी असाच उतरलेला वाटायचा न्हाई का तुमाला? माणसाचं ऐकत न्हाई तर मशीनचं तरी ऐका, आबा." आणि निघून गेला.

तर हा डाव आहे. तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या सुरू होतील, त्याआधी मला चारचौघांत खोटं पाडायचं आणि मास्तरकी घ्यायची. जेवण गेलं नाही. लई वाईट वाटलं.

२२ ऑक्टोबर

सिदू म्हणाला, हनुमान लातूरच्या बँडात जायचं म्हणतोय. जाऊ दे!

२४ ऑक्टोबर

पडद्यावर ऊन येतं म्हणून सायलीनं टेबल पेटीच्या दुसऱ्या बाजूला नेलं. इतके दिवस यंत्र माझ्या डाव्या हाताला होतं, आता तिथं पेटी आली. आज यंत्र सुरात, आणि पेटी उतरलेली! एकेक कान बोटानं बंद करून पुन्हा ऐकलं. उतरलाय तो माझा डावा कान.

मिरवणुकीत हनुमान कायम माझ्या डावीकडे असतो.