अंडी तळण्याचा सीन

३ फेब्रुवारी
चाचणी-खेळाचे गुण आले. वाईट. माझ्या सात सिनेमांनी जगभर धंदा केला, तरी आठव्याचं नशीब मॉलमध्ये फुकट सिनेमा बघायला आलेल्यांनी भरलेल्या गुणांच्या कार्डांवर!
स्टुडिओचा ट्रेंट — वय पस्तीस, बूट पांढरेशुभ्र — म्हणाला, "गॉर्डी, तो अंड्यांचा सीन अर्धा करा. लढाईआधी लोकांना झोप येते."
बाप मुलीसाठी अंडी तळतो, दोघं काही बोलत नाहीत. एवढ्या धूमधडाक्यात तेवढाच सीन माझा आहे. बाकी सगळं कॉम्प्युटरवर बनतं. नाही म्हणालो.

५ फेब्रुवारी
ट्रेंटने दुसरा संकलक बसवला. तो हा सीन अर्धा करून स्टुडिओचा कट, म्हणजे त्यांची आवृत्ती, बनवणार. मग एकाच संध्याकाळी, शेजारच्या दोन हॉलमध्ये, त्यांचा आणि माझा कट दाखवायचा. जास्त गुण मिळतील तो प्रदर्शित होणार. म्हटलं, तुमचा जिंकला तर सिनेमावरून माझं नाव काढून टाका. बोलून बसलो खरा.
लॉइस — वीस वर्षं माझ्या सिनेमांचं संकलन हीच करते — म्हणाली, "नाव काढून खाशील काय, म्हाताऱ्या?"

९ फेब्रुवारी
पित्त. फ्रीवेवर ट्रॅफिकमध्ये दोन तास. कंटाळा आलाय. सिनेमाचा नाही. — नाही, सिनेमाचाच.

१४ फेब्रुवारी
चाचणी झाली. अंधार झाल्यावर, टोपी खाली ओढून, ठरल्याप्रमाणे माझ्या कटच्या हॉल चारमध्ये शिरलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. दिग्दर्शक दिसला की लोक खोटं बोलतात, म्हणून ही दरवेळची चोरी. लॉइस पुढे कुठेतरी असणार, आवाजाच्या बटणापाशी.
अंड्यांचा सीन आला. कुणी खोकलंसुद्धा नाही. शेजारच्या बाईचा पॉपकॉर्नचा हात तसाच राहिला. हेच तर सांगत होतो! यातली एक फ्रेम काढली तरी सीन मेला.
दिवे लागायच्या आत बाहेर पडलो. गाडीत बसून थोडा रडलो. बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी
जिंकलो. ट्रेंटचा फोन — "तुमचा कट बराच पुढे आहे. तुमचंच बरोबर होतं."

१७ फेब्रुवारी
लॉइस केक घेऊन आली. "कुठे दडला होतास? हॉल पाचची शेवटची रांग पालथी घातली मी."
म्हटलं, पाच कशाला?
"अरे, पाचचा पडदा जास्त उजळ. मीच भांडून ऐनवेळी हॉल बदलून घेतले. आपला पाचमध्ये, त्यांचा चारमध्ये. दारावरच्या माणसाला तुला सांगायला सांगितलं होतं."
त्याने सांगितलं नाही. म्हणजे मी त्यांचा कट पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्धा केलेला सीन पाहिला, आणि रडलो. काही कमी आहे असं एकदाही वाटलं नाही.
"सीन कसा वाटला ते तर सांग," लॉइस म्हणाली.
म्हणालो, एकदम बरोबर.