आयाबाईंची शिष्यवृत्ती आणि माझी खोटी साक्ष

मी, खाली सही करणारी, वय वर्षं एकोणऐंशी, अविवाहित, सार्वजनिक वाचनालयातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हा कागद मी कुणाच्याही दबावाखाली लिहिलेला नाही. दबावाखाली केलेली सही कशी असते ते मला ठाऊक आहे. त्याचा खुलासा कलम तीनमध्ये येईल. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात घर भाच्याला दिलं होतं.

कलम १. माझा एकुलता एक भाचा गेल्या महिन्यात माझी तब्येत बघायला आला, तो मोजपट्टी घेऊनच. मी पलंगावर पडलेली असताना त्यानं खोलीची रुंदी मोजली. वर म्हणाला, "मावशी, पाय जरा वर घेतेस का?" मी घेतले. त्याला मी भिंतीतलं कपाट देते. मापं त्याच्याकडे आहेतच. भिंत घराबरोबर विकली जाईल, तेव्हा कपाट बाहेर कसं काढायचं ते त्यानं बघावं.

कलम २. आयाबाई स्मारक समितीला माझ्याकडून छदामही मिळणार नाही. समितीच्या अध्यक्षांना सगळं गाव मागून फीतकापे म्हणतं, कारण फीत कापल्याशिवाय ते नळालासुद्धा पाणी येऊ देत नाहीत. आमच्या वेळच्या ग्रंथपालसाहेबांचे हे चिरंजीव. वाचनालयाच्या पायरीवर आयाबाईंचा पुतळा आणि त्यांच्या नावानं शिष्यवृत्ती, अशी योजना घेऊन ते देणगी मागायला आले होते. मी शिष्यवृत्तीचा अर्ज वाचला. अट चौथी : उत्तम वर्तणुकीचा दाखला आवश्यक.

"हा दाखला खुद्द आयाबाईंना मिळाला असता का हो?" मी विचारलं.

"काय बोलता, बाई! किती जुळवून घेणारं व्यक्तिमत्त्व होतं त्यांचं!"

जुळवून घेणारं. मी इतकी हसले की चहा त्यांच्या योजनेवर सांडला. पुतळा उभारायला यांची हरकत नाही, कारण पुतळा अर्ज करत नाही.

कलम ३. आता काय घडलं ते. आयाबाई सरकारी दवाखान्यात आया होत्या. राहायला कालव्यापलीकडच्या वस्तीत. तिथल्या कुणालाही वाचनालयाचं सभासदत्व मिळत नसे. कायमचा पत्ता नाही, हे कारण. वस्ती साठ वर्षं एकाच जागी होती. आयाबाईंनी एकवीस वेळा अर्ज केला. एकवीसही वेळा मीच तो परत केला, आणि दर वेळी खाली सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं. मग त्या दवाखान्यातली पाळी संपली की वस्तीतल्या पोरांना घेऊन आमच्या पायरीवर बसू लागल्या आणि वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवू लागल्या. एक्केचाळीस दिवस हे चाललं. बेचाळिसाव्या दिवशी त्या पोरांसह दारातून आत आल्या. मी त्यांना अडवलं, आणि त्या थांबेनात म्हणून दोन्ही हातांनी ढकललं. त्या पायरीवर पडल्या. मनगट मोडलं.

ग्रंथपालसाहेबांनी जबाब स्वतः लिहून आणला : सदर स्त्रीने महिला कर्मचाऱ्याच्या अंगावर हात टाकला. म्हणाले, "कर सही. घरी म्हातारी आई आहे ना तुझी?" मी जबाब नीट वाचला. त्यात शुद्धलेखनाची एक चूक होती, ती दुरुस्त केली आणि सही केली. आयाबाईंना तीन महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली. मला त्याच वर्षी बढती मिळाली.

वरच्या कोर्टात खरं सांगितलं ते आमच्या बुकबाइंडरनं. मागच्या खोलीतून त्यानं सगळं पाहिलं होतं. कामावरून काढलं त्याला. पण निकाल वस्तीच्या बाजूनं लागला, सभासदत्वाची आडकाठीही उठली, आणि आठवड्याच्या आत आयाबाई माझ्या खिडकीशी उभ्या राहिल्या.

"कार्ड द्या."

मी कार्ड भरून सही केली. त्यांनी ती निरखून पाहिली. "जबाबावर पण हीच होती ना? अक्षर छान आहे तुमचं."

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत एकोणीस वर्षं त्या दर शनिवारी आल्या. दर शनिवारी मी मनाशी एक वाक्य जुळवून ठेवायची, आणि तोंडातून निघायचं, "पंधरा दिवसांत परत करा." चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. तो जबाब खोटा होता, हे मी इथे लिहून देते. हे कलम वाचनालयाच्या वाचनकक्षात, फीतकाप्यांना समोर बसवून, मोठ्यानं वाचलं जावं.

कलम ४. माझं घर विकून येणारी रक्कम आणि बँकेतली सगळी शिल्लक यांतून दर वर्षी एका विद्यार्थ्याचा किंवा विद्यार्थिनीचा शिक्षणाचा पूर्ण खर्च करावा. चूक ती चूक म्हटल्याबद्दल ज्यांना शाळा-कॉलेजानं शिक्षा केली, दाखला अडवला, त्यांचा हक्क पहिला. कॉपी करताना सापडलेल्यांनी आशा धरू नये. समारंभ नको, फोटो नको, आभाराचं भाषण नको. निवड बुकबाइंडर आणि आयाबाईंची मुलगी यांनी करावी.

कलम ५. या शिष्यवृत्तीला आयाबाईंचं नाव देण्याची परवानगी मागायला मी त्यांच्या मुलीकडे गेले. ती आईच्याच दवाखान्यात मुख्य परिचारिका आहे. तिनं मला बसा म्हटलं नाही. मी सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, "त्या माझ्याबद्दल कधी काही बोलायच्या का?"

"माफीबिफीचं मला विचारू नका," ती म्हणाली. "ती आईची होती, ती घेऊन गेली. शिष्यवृत्तीचं बोला."

मसुद्यात मी 'थोर समाजसेविका' असं लिहिलं होतं. तिनं ते खोडलं आणि वर लिहिलं : 'दवाखान्यातल्या आया'. तेच कायम करावं. माझं नाव शिष्यवृत्तीला कुठेही जोडू नये, ही तिची अट. मला मान्य आहे.

ती आज सुट्टी काढून आली. कलम तीन तिनं दोनदा वाचलं, तेही उभ्यानं. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आईचं डावं मनगट मोडलं होतं. लिहा." लिहिलं : डावं.

स्थळ : माझं राहतं घर, पुढची खोली.
दिनांक : मुद्रांकावर आहे तोच, सकाळी साडेदहा.

सही : मृत्युपत्र करणारी, निवृत्त मुख्य लिपिक

आम्हा दोघांच्या देखत वरील बाईंनी शुद्धीवर असताना सही केली :
साक्षीदार पहिला : बुकबाइंडर
साक्षीदार दुसरी : मुख्य परिचारिका, आयाबाईंची मुलगी. वाचून सही केली.