प्रवासाचं कारण

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी, कारण आजपासून मी या देशाचा नागरिक. हॉलमध्ये आम्ही त्र्याण्णव जण होतो. शपथेत सगळ्यांत स्पष्ट उच्चार माझे. शेजारचा तर नुसते ओठ हलवत होता. नागरिकत्वाचं सर्टिफिकेट मिळालं. जाड कागद, उठावाचा शिक्का, निळ्या शाईची सही. बायकोने फोटो काढला. तिचं हे सगळं गेल्या वर्षीच झालं, पण तिने एजंट लावला होता, त्यामुळे ते मी धरत नाही. लेक इथेच जन्मली. तीन महिन्यांची असल्यापासून तिच्याकडे पासपोर्ट आहे. घरातली सगळ्यात सीनिअर नागरिक तीच.

ठराव: पासपोर्ट दोन आठवड्यांत काढायचा. एजंट नाही. एप्रिलमध्ये बाबांना भेटायला जायचं. सहा वर्षं झाली.

५ मार्च, बुधवार

जुना पासपोर्ट वकिलातीत नेऊन दिला. त्यांनी त्यावर रद्दचा शिक्का मारला आणि कोपरा कापला. जरा कसंतरीच झालं. पण दोन दगडांवर पाय ठेवणं मला जमत नाही.

येताना सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं. दुकानातल्या बाईने दोनदा विचारलं, नक्की करायचं का. इकडे लोकांना कागदाची किंमतच नाही. माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं सरकारी कचेरीसमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवलं. माझा जन्मदाखला, दहावीची मार्कशीट, एसटीचं वेळापत्रक, सगळं प्लास्टिकमध्ये. आई गेली तेव्हा तिच्या हातची किराण्याची शेवटची यादीसुद्धा त्यांनी लॅमिनेट केली. बाबा म्हणत, बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर आलं की ते खरं.

९ मार्च, रविवार

बाबांना फोन. थंडीत पडल्यापासून ते पलंगावरच आहेत, ताई त्यांचं सगळं करते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो सर्टिफिकेट लॅमिनेट केलंस का. म्हटलं, दुसऱ्याच दिवशी. (तिसऱ्या. पण असो.) खूश झाले. मग विचारलं, येतोस कधी. म्हटलं, पासपोर्ट हातात आला की तसाच विमानतळावर. ते म्हणाले, सावकाश ये, कागद पुरे करून ये.

ताईने नंतर फोन घेऊन सांगितलं की बाबांचं जेवण निम्म्यावर आलंय. म्हणजे पथ्य पाळतायत. या वयात हलकं खाल्लेलंच बरं.

२२ मार्च, शनिवार

पासपोर्टचा फोटो तिसऱ्यांदा काढला. पहिल्यात मी हसत होतो. दुसऱ्यात हसू दाबत होतो, तेही चालत नाही म्हणे. फोटोग्राफर म्हणाला, चेहऱ्यावर काही आणू नका. मी म्हटलं, अहो, बाबांना भेटायला चाललोय, ते चेहऱ्यावर येणारच. तो म्हणाला, मग भेटून आल्यावर काढा. तिरसट माणूस.

दोन आठवडे उलटलेत, पण त्यात माझी चूक नाही. गोदामात स्टॉक-चेक होता. मी डिस्पॅच सुपरवायझर. कागद अपुरा असलेला माल माझ्या दारातून बाहेर पडत नाही, तेरा वर्षांत पडलेला नाही. परवाच एक ट्रक एका आकड्यासाठी परत पाठवला. ड्रायव्हर हात जोडत होता. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

२ एप्रिल, बुधवार

पासपोर्ट ऑफिस. खिडकी क्रमांक चार. खिडकीवरची बाई चष्मा गळ्यात लटकवणारी, आवाजाने मऊ. फॉर्म पाहिला, फोटो पाहिले, मान डोलावली. मग सर्टिफिकेट हातात घेतलं, वाकवून पाहिलं आणि खाली ठेवलं.

लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट चालत नाही.

म्हणे उठावाचा शिक्का बोटाने तपासावा लागतो. प्लास्टिकखाली तो खरा की खोटा कळत नाही. सर्टिफिकेटच्या मागे तसं लिहिलेलंही आहे. (आहे. बारीक अक्षरात. मागची बाजू कोण वाचतं?) आता दुसरं सर्टिफिकेट मागवा, चार ते सहा महिने लागतील, मग पासपोर्ट.

मी तिला समजावलं की मी कागद जपलाय. ती म्हणाली, हो, फारच जपलात.

३ एप्रिल, गुरुवार

उपाय सापडला. प्लास्टिक उष्णतेने चिकटतं, म्हणजे उष्णतेनेच सुटणार. साधं शास्त्र आहे. गोदामातला सर्वज्ञ (याला क्रिकेटपासून किडनीपर्यंत सगळं कळतं) म्हणाला, वर रुमाल ठेवून इस्त्री फिरव.

संध्याकाळी फिरवली.

प्लास्टिक सुटलं. त्याबरोबर शिक्का सुटला, निळी सही सुटली आणि माझ्या नावाची पहिली चार अक्षरं सुटली. बायको दारात उभी राहून बघत होती. इस्त्रीला चिकटलेलं प्लास्टिक ती तासभर खरवडत होती.

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा खिडकी चार. तुकडे पाकिटात घालून जमा केले. फॉर्ममध्ये रकाना: 'मूळ प्रत खराब होण्याचे कारण'. लिहिलं, इस्त्री. बाईने वाचलं, माझ्याकडे पाहिलं, शिक्का मारला.

मग तिने आपणहून विचारलं, एवढी घाई कशासाठी. म्हटलं, वडिलांना भेटायचंय. तिने विचारलं, आजारी आहेत का? फार आजारी असतील तर दुसरा रस्ता आहे. दवाखान्याने 'प्रकृती गंभीर' असं लेखी कळवलं तर साहेब एका प्रवासापुरता परवाना देतात. नव्या सर्टिफिकेटसाठी थांबावं लागत नाही, चार दिवसांचं काम.

मी म्हटलं, छे छे, बाबा ठणठणीत आहेत. नुसते पलंगावर आहेत.

घरी येताना बरं वाटलं. स्वतःच्या वडिलांबद्दल 'गंभीर' असं लेखी मागायचं? एकदा कागदावर आलं म्हणजे मग... नको. उगाच तोंडातून वंगाळ काढू नये.

बायकोला या रस्त्याबद्दल सांगितलं नाही. ती लगेच दवाखान्याला फोन लावेल.

२० एप्रिल, रविवार

फोन. बाबांनी पासपोर्टचं विचारलं. म्हटलं, काम रांगेत आहे. त्यांनी विचारलं, लॅमिनेशनचं काय म्हणाले ऑफिसात? म्हटलं, बाई बघतच राहिली. हे खोटं नाही.

बाबा हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. ताईने फोन घेतला. म्हणाली, हल्ली दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. मी म्हटलं, उत्तम, झोपेसारखं औषध नाही. ताई म्हणाली, बरं, ठेवते.

ताई थकलीये. सुधारणा जवळून दिसत नाही, लांबून दिसते.

१८ मे, रविवार

बाबा फोनवर आले नाहीत. ताई म्हणाली, त्यांना बोलायला दम लागतो. फोन कानाशी धरते, तू बोल. मी पंधरा मिनिटं बोललो. गोदाम, लेकीची परीक्षा, इथली बाग. पलीकडे श्वास ऐकू येत होता. छान लय होती श्वासाला.

येण्याचं आधी जुलै म्हणालो. मग ऑगस्ट म्हणालो, हातचं राखून बोललेलं बरं.

ठराव: बॅग आत्ताच भरून ठेवायची. भरली. बाबांसाठी मऊ स्वेटर, नवा चष्म्याचा डबा, आणि इथल्या दुकानातून जाड लॅमिनेशन शीटचं पाकीट. तिकडे एवढं जाड मिळत नाही.

८ जून, रविवार

बायकोशी भांडण. ती परवा स्वतः खिडकी चारवर जाऊन आली. एजंट लावणाऱ्यांची हीच खोड, दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतात. तिला त्या रस्त्याचं कळलं. तिने विचारलं, दोन महिने हे तुला माहीत होतं? मी म्हटलं, तो रस्ता गंभीर लोकांसाठी आहे. ती म्हणाली, तुझे वडील दीड महिन्यात स्वतःच्या हाताने पाणी प्यायलेले नाहीत. तिला कसं माहीत? ती ताईशी रोज बोलते म्हणे. रोज!

मी म्हटलं, तुम्ही बायका मिळून त्या माणसाला मारताय.

असं बोलायला नको होतं. लेक खोलीत जाऊन दार लावून बसली.

१६ जून, सोमवार

आठवडाभर बायकोने माझ्याशी फक्त भाजी आणि कचरा या विषयांवर संवाद ठेवला. आज मीच ताईला फोन केला. म्हटलं, एक फॉर्मॅलिटी म्हणून डॉक्टरांकडून चार ओळी लिहून घे.

ताई म्हणाली, लिहून घेऊन सात आठवडे झाले.

मला आधी समजलंच नाही. मग तिने सांगितलं. डॉक्टरांनीच आपणहून २८ एप्रिलला चिठ्ठी दिली होती, मुलाला बोलावून घ्या म्हणून. ती पाठवणार होती. बाबांनी हट्ट धरला, पाठवायची नाही. म्हणाले, त्याचे कागद रांगेत आहेत, मध्ये घुसायला सांगू नकोस. जन्मभर कचेरीसमोर बसून त्यांनी रांगेत घुसणारे पाहिले होते, आपला मुलगा तसा नको. मी ताईला विचारलं, मग तू मला नुसतं सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, किती वेळा सांगितलं रे. मी म्हटलं जेवत नाहीत, तू म्हणालास पथ्य. मी म्हटलं उठत नाहीत, तू म्हणालास विश्रांती. मला वाटलं, तुला ऐकायचंच नाहीये.

९ मार्चची नोंद काढून पाहिली: पथ्य, असंच लिहिलंय.

ताई दवाखान्यात गेली. दुपारपर्यंत दवाखान्याने चिठ्ठी थेट पासपोर्ट ऑफिसात मेल केली. एक प्रत मलाही आली. 'प्रकृती गंभीर. मुलाने त्वरित यावे.' अक्षर सुवाच्य आहे. कागद मी चार वेळा वाचला.

१७ जून, मंगळवार

खिडकी चार. बाईने तारीख पाहिली. विचारलं, चिठ्ठी सात आठवड्यांपूर्वीची, आज कशी? म्हटलं, टपालाला उशीर झाला. तिच्यासमोर स्क्रीनवर मेल होता. ती उठली आणि आत साहेबांकडे जाऊन सही घेऊन आली. शुक्रवारी अकरा वाजता परवाना मिळेल.

नवा फोटो हवा होता. कोपऱ्यावरच्या त्याच फोटोग्राफरकडे गेलो. या वेळी त्याला काही सांगावं लागलं नाही. पहिलाच फोटो पास झाला.

वकिलात तातडीचा व्हिसा त्याच दुपारी देते, म्हणून शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलं. ताईला म्हटलं, बाबांना सांग, शनिवारी येतो. ती म्हणाली, कानात सांगते. नंतर तिचा मेसेज आला, सांगितलं, डोळे उघडले होते. बघा! मी म्हणत नव्हतो?

१९ जून, गुरुवार

सकाळी सव्वासहाला ताईचा फोन.

बाबा गेले. झोपेतच.

ताई म्हणाली, शनिवारपर्यंत थांबता येणार नाही रे, इथे सोय नाही. मी म्हटलं, नका थांबू, उरकून घ्या. असं म्हणालो मी. उरकून घ्या.

मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच रडलो. बायकोने गॅस बंद केला आणि मला धरलं. लेकीने विचारलं, आजोबांना मी आठवत होते का. ती त्यांना एकदाच भेटली, चार वर्षांची असताना. म्हटलं, हो. हे मला खरंच माहीत नाही.

मी जाऊ शकलो असतो. एप्रिलमध्येच. मला अडवलं ते इस्त्रीने नाही, लॅमिनेशनने नाही, ऑफिसनेही नाही. मला ती एक ओळ कागदावर यायला नको होती.

२० जून, शुक्रवार

बायको म्हणाली, आज नको जाऊस, मी आणते. म्हटलं, वेळ माझ्या नावावर आहे. अकराची होती, दहा-चाळीसला पोचलो. तिकीट आजचंच आहे. ताई एकटी आहे, जायला हवंच.

बॅग पुन्हा उघडली नाही. स्वेटर तसाच आहे आत.

खिडकीवरच्या बाईने परवाना पुढे सरकवला. एकच पान, उठावाचा शिक्का. म्हणाली, हा मात्र लॅमिनेट करू नका हं. मी हसलो. तिने विचारलं, वडील कसे आहेत आता? म्हटलं, आता काही त्रास नाही. ती म्हणाली, बरं झालं, तुम्ही पोचाल वेळेवर.

मग म्हणाली, सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. एकही चूक असेल तर आत्ताच सांगा, दुरुस्त करून देऊ, फक्त पुन्हा चार दिवस जातील.

मी सवयीने वरपासून वाचत आलो. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. फोटो माझाच. शेवटून दुसरी ओळ, प्रवासाचं कारण: आजारी वडिलांना भेटणे.

असा कागद घेऊन ट्रक आला असता तर मी दारातून परत पाठवला असता.

ती ओळ मी बोट ठेवून पुन्हा वाचली. बाईंना म्हटलं, सगळं बरोबर आहे. आणि सही केली.